आवक-जावक

रेल्वेच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं कारकुनी केली, त्यातली निम्मी आवक-जावकच्या टेबलावर. आलेलं पत्र आवकला चढवायचं, जाणारं जावकला. पुढे नंबर, तारीख, कोणाकडे, विषय आणि शेवटच्या रकान्यात शेरा. हाताला ही सवय इतकी जडली की २०११ साली पहिला लेख एका मासिकाला पाठवला, तेव्हा सिव्हिल लाइन्सच्या जीपीओतून घरी आल्याबरोबर मुलाची उरलेली दोनशे पानी वही काढली, फुटपट्टीनं रकाने आखले आणि लिहिलं, 'जावक क्र. १'. दहा-बारा नोंदी झाल्या की आपण लेखिका होऊ, असा तेव्हाचा हिशेब.

आज त्या वहीत एकसष्ट नोंदी आहेत. शेऱ्याच्या रकान्यात अकरा ठिकाणी 'छापलं', तेवीस ठिकाणी 'साभार परत' आणि उरलेल्या सत्तावीस ठिकाणी 'उत्तर नाही'. ऑफिसात असा निकाल दाखवला असता तर साहेबांनी मेमो दिला असता.

मी ख्रिस्ती, लिहिते मराठीत आणि राहते नागपुरात. म्हणजे तिन्ही बाबतीत जरा कडेलाच. आमच्या चर्चमध्ये लिहिणारी पोरं-पोरी आहेत आणि चांगलं लिहितात. पण लिहितात कुठं, तर स्टेटसवर. चोवीस तासांत उडून जातं. मागच्या वर्षी एकाला म्हटलं, बाबा, ही कविता कुठं पाठव ना. तो हसला. म्हणाला, "काकू, आपलं कोण छापून राहिलं?"

हा प्रश्न मीही बरीच वर्षं विचारत होते, आणि त्यातल्या 'आपलं' या शब्दावर रेलून आरामात बसले होते. म्हणून ही वही उघडून दाखवते आहे.

पहिल्या लेखाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. नाव होतं 'नाताळ : प्रीतीचा महोत्सव'. ताऱ्याचा अर्थ, गोठ्याचा अर्थ, मेंढपाळांचा अर्थ. प्रत्येक गोष्टीला अर्थ होता, एकाही गोष्टीला वास नव्हता. वर तो पाठवला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. नाताळचा अंक सप्टेंबर-ऑक्टोबरातच जुळून जातो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

परत आल्याचा दिवस मात्र आठवतो. तेव्हा लेखासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट पाठवायची पद्धत होती. पोस्टमननं हाक मारली, पाकीट हातात दिलं आणि क्षणभर मला कळेचना की हे ओळखीचं अक्षर कोणाचं. माझंच होतं. आपल्याच हातचं पत्र आपल्यालाच येतं, यासारखं फजितीचं दुसरं काही नाही. वरून घरातले विचारतात, कोणाचं पत्र?

त्या रविवारी महिला मंडळातल्या एकीला सांगितलं तर ती हात दाबून म्हणाली, "प्रभूची इच्छा नसेल." मी तेव्हा मान डोलावली. आज कोणी असं म्हटलं तर मी भांडते. संपादकाची इच्छा नव्हती, एवढंच. दर वेळी प्रभूला मध्ये घेऊ नये. आणि उलटही करू नये. 'प्रभूने मला हा लेख लिहिण्यास सांगितले आहे, तरी आपण तो छापावा' असं पत्र मी स्वतः एका संपादकाला लिहिलेलं आहे, जावक क्र. ३. उत्तर नाही. काय उत्तर देणार बिचारा?

आता जावक क्र. ४, ७, ९ आणि ११. या चारही नोंदी एकाच लेखाच्या आहेत. तो माझ्या आजीवरचा.

माझी आजी, म्हणजे आईची आई, बायबलबाई होती. आजच्या पोरांना हा शब्द माहीत नसतो. मिशनच्या काळात काही बायांना थोडा पगार देऊन हे काम दिलेलं असे. खेडोपाडी पायी जायचं, बायांमध्ये बसायचं, वाचून दाखवायचं, कोणाला अक्षरं शिकायची असतील तर शिकवायची, दुखलंखुपलं विचारायचं. आजी उमरेडकडच्या गावांतून फिरायची. तिच्या कापडी पिशवीत बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या पातळ पुस्तिका असायच्या, कापसाचा गुंडा, टिंक्चर आयोडीनची बाटली आणि तंबाखूची चंची. चुन्याच्या डबीचं झाकण सैल होतं. त्यामुळे पुस्तिकांच्या कोपऱ्यांवर चुन्याची पांढरी बोटं उमटलेली असत आणि पान उघडलं की आधी तंबाखूचा वास यायचा. तिच्याकडच्या उरलेल्या दोन-तीन पुस्तिका मी लहानपणी हाताळल्या आहेत. शुभवर्तमानाचा वासच तसा असतो, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

हा लेख मी आधी आपल्या माणसांकडे पाठवला, एका ख्रिस्ती मासिकाकडे. दीड महिन्यानं परत आला. सोबत छापील चिठ्ठी, 'सप्रेम सलाम वि. वि., आपले साहित्य साभार परत पाठवीत आहोत.' आणि खाली पेन्सिलीनं कोणीतरी लिहिलेलं, 'बायबलबाई तंबाखू खात असत हा उल्लेख गाळता आल्यास विचार करू.'

मी गाळला नाही. त्यात कसलंही धैर्य नव्हतं, तंबाखू काढला तर पिशवीला वासच उरत नव्हता. पण राग आला, आणि त्या रागात तोच लेख एका दिवाळी अंकाला पाठवला. मोठा अंक, पुण्या-मुंबईकडचा. जावक क्र. ७.

जूनमध्ये तिथून फोन आला. फोन! मी गॅस बंद करून बाहेरच्या खोलीत येऊन बसले. गृहस्थ अतिशय सभ्य.

"ताई, आजी फार छान उतरली आहे. ती पिशवी तर डोळ्यांसमोर येते. फक्त एक आहे, आम्ही धार्मिक मजकूर घेत नाही. तेवढा भाग काढून देता का?"

"कोणता भाग?"

"तोच, येशूबिशूचा."

मी म्हटलं, पाहते. फोन ठेवला आणि पेन्सिल घेऊन मोजलं. एकोणीस ठिकाणी येशू होता. काढून पाहिला. खरंच काढून पाहिला, दोन संध्याकाळी बसून. उरली ती लुगडं नेसलेली, चष्मा लावलेली एक बाई, जी भर उन्हात विनाकारण सात मैल चालत जाते आणि परत येते. त्यांना कळवलं, जमत नाही. ते म्हणाले, हरकत नाही, पुढच्या वर्षी काही वेगळं पाठवा.

एका दारात आजी तंबाखूसाठी अडली, दुसऱ्या दारात येशूसाठी. हा किस्सा मी पुढे पुष्कळदा रंगवून सांगितला, आणि सांगताना आपण किती सोसतो याचं एक सुखही घेतलं. त्यांचा तो दिवाळी अंक मुद्दाम विकत आणला. पाहते तर त्यात वारीवर एक लेख. मी दोन दिवस घरात सगळ्यांना ऐकवत होते, "वारीतून विठ्ठल काढून द्या, असं विचारलं असतं का यांनी?" प्रश्न चुकीचा नाही. आजही मी तो विचारीन. मराठी वाचकाला विठ्ठल घरचा वाटतो आणि येशू शेजारच्या बंगल्यातला, हे खरंच आहे आणि ते मोडायचं काम कोणीतरी करायलाच हवं.

पण तिसऱ्या दिवशी राग उतरल्यावर तो वारीचा लेख शांतपणे वाचला. त्यात विठ्ठल होता, पण तो पायांच्या फोडांत होता, पावसात भिजलेल्या भाकरीत होता, एका म्हातारीच्या उधारीत होता. लेखकानं एकदाही माझ्याकडे वळून 'वाचकहो, आपणही भक्ती करू या' असं म्हटलं नव्हतं. आणि माझ्या लेखात? मला जरा शंका यायला लागली होती. पण शंकाच. अजून सिद्ध काही झालं नव्हतं.

सिद्ध झालं जावक क्र. ९ ला. एका साध्या मासिकानं लेख परत पाठवला, चिठ्ठीसुद्धा नाही. मी पानं चाळली. पहिली तीन स्वच्छ, कोपरे मात्र हाताळलेले. पाचवं आणि सहावं कोरं करकरीत, माझी घडी जशीच्या तशी. आणि चौथ्या पानावर चहाच्या कपाचं तपकिरी वर्तुळ, एका बाजूला थोडं पसरलेलं. वर्तुळाच्या बरोबर मधोमध माझं वाक्य होतं :

'प्रिय वाचकहो, या माउलीच्या जीवनातून आपण काय बरे शिकतो?'

तिथं त्यांनी कप ठेवला होता. मीही ठेवला असता.

इतक्या वर्षांत मला मिळालेला सगळ्यात नेमका अभिप्राय तो. तीन पानं कोणीतरी आजीबरोबर चालत होतं, उन्हातून, काट्याकुट्यातून. चौथ्या पानावर मी आजीला बाजूला सारून स्वतः उपदेश करायला पुलपिटावर चढले, आणि तो माणूस चहा घेऊन उठून गेला. तो हिंदू होता की ख्रिस्ती, कोणास ठाऊक. आमच्या चर्चमध्येही उपदेश लांबला की मागच्या बाकांवरची माणसं हळूच बाहेर जाऊन उभी राहतातच की.

जावक क्र. ११ ला लेख छापून आला. तंबाखूसकट, येशूसकट. शेवटचं दीड पान मी स्वतः कापलं होतं, त्या संपादकांनी आणखी अर्धं कापलं. आता तो लेख आजी नाला ओलांडताना पिशवी डोक्यावर घेते, तिथंच संपतो. मला आधी तो शेवट उघडा वाटला. पाचशे रुपयांचा चेक आला. चर्चमध्ये तिघांनी वाचला, त्यातला एक आमच्याच घरचा.

मग एका दुपारी काटोलहून एका बाईंचा फोन. अंकवाल्यांकडून नंबर घेतला म्हणाल्या. मी तयार होऊन बसले की आता काही तरी श्रद्धेविषयी विचारतील. त्यांनी विचारलं, "तुमच्या आजी तंबाखू कोणता खायच्या हो?" त्यांच्या सासूबाईंचीही तशीच चंची होती. पंधरा मिनिटं बोलल्या. येशूबद्दल चकार शब्द नाही. पण आजी कोणत्या गावाला चालली होती, कोणाकडे, कशासाठी आणि काय वाचून दाखवायला, हे त्यांना सगळं पाठ होतं.

पोरांना मी भाषेचं सांगते तेव्हा ती कंटाळतात, तरी सांगते. आपली एक देवळातली, म्हणजे चर्चमधली, मराठी आहे. 'मला या विषयाचं ओझं आहे', 'सहभागितेत वाढू या', 'साक्ष द्यावीशी वाटते'. रविवारी हे शब्द जिवंत असतात, मी काही त्यांची टिंगल करत नाही. त्यांच्यावरच वाढले. पण शेजारच्या वहिनींना एकदा माझा लेख वाचायला दिला तर त्या म्हणाल्या, "ओझं आहे म्हणजे? सामान होतं का खूप?" तेव्हापासून त्या माझ्या पहिल्या परीक्षक. जिथं त्या 'म्हणजे?' विचारतात तिथं पेन्सिलीची खूण. शब्द काढायचाच असं नाही. कधी तो ठेवून त्याच्या आधी एक वाक्य घालायचं, की आपोआप कळेल. 'बाप्तिस्मा' काढून काय लिहिणार? पण नदीत उतरलेल्या माणसाचे दात थंडीनं वाजत होते, हे आधी लिहिता येतं.

कामाच्या बाकी गोष्टी थोडक्यात. दिवाळीचा लेख नवतपात लिहायचा आणि नाताळचा गणपतीत, हे गणित डोक्यात बसवून घ्यावं लागतं. मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, कूलरचे शिंतोडे कागदावर उडत असताना फराळाचं वर्णन करणं सोपं नाही, पण सगळेच तसं करतात. ज्या अंकाला पाठवायचं त्याचे दोन-तीन जुने अंक आधी वाचावेत. मी हे न करता एका शेतीच्या मासिकाला येशूनं सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यावर लेख पाठवलेला आहे. सोबतचं पत्र चार ओळींचं असावं. माझ्या पहिल्या पत्रात मी महिला मंडळाची सेक्रेटरी, संडे स्कूलची सुपरिंटेंडेंट, कॅरल पार्टीची खजिनदार, असं सगळं लिहिलं होतं. त्याचा लेखाशी काय संबंध? टायपिंगवाल्याच्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर पाठवू नये, समोर नुसती चिन्हांची रांगोळी उघडते. आता मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिता येतं, काही अडत नाही. आणि एकच लेख एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नये. मी पाठवला होता. दोघांनीही छापला, आणि दोघांनीही नंतर माझं काही छापलं नाही. वहीत त्या दोन नोंदींच्या शेऱ्यात 'छापलं' आहे, पण लाल शाईनं.

तीन महिने वाट पाहायची. मग एकदा, एकदाच, नम्रपणे विचारायचं. मग सोडून द्यायचं आणि तोच लेख पुन्हा वाचून दुसरीकडे. दर वेळी परत आलेला लेख मी वाचते तेव्हा त्यात निदान एक वाक्य असं सापडतंच, ज्याची मला लाज वाटते. घरीच पडून असता तर सापडलं नसतं.

कधी कधी पोरं म्हणतात, ख्रिस्ती माणसानं मराठीत लिहिलेलं वाचतं कोण? मग माझा आवाज चढतो. १६१६ साली गोव्यात फादर स्टीफन्सनं क्रिस्तपुराण छापलं, तेही ओव्यांत. ज्ञानोदय हा ख्रिस्ती अंक १८४२ साली अहमदनगरात सुरू झाला. बाबा पदमनजींचं यमुनापर्यटन १८५७ चं, मराठीतल्या पहिल्या कादंबरीचा मान त्याला देतात. त्यातही उपदेश भरपूर आहे, मी लपवत नाही, पण आज आपण ते उघडतो ते त्यातल्या विधवांच्या हकिकतींसाठी. उपदेशाचं वय झालं, बायांचं दुःख ताजं राहिलं. आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाच्या खुर्चीत वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले होते. विरोध झाला, तरी बसले. तेव्हा 'आपलं कोण छापते' हे जरा जपून म्हणावं.

आणि नागपूरकरांनी तर हे म्हणूच नये. कवी नारायण वामन टिळक इथं राहून गेले. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला, तिथून पुढची त्यांच्या ख्रिस्ती होण्याची सगळी गोष्ट. मी रेल्वेची बाई, त्यामुळे मला हा प्रसंग उगाच आपल्या खात्यातला वाटतो. पण उदाहरण द्यायचं तर मी टिळकांचं देत नाही, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं देते. टिळक कवीच होते, त्यांना लिहिता येणारच. या बाईचं शाळेशी काही देणंघेणं नव्हतं. स्मृतिचित्रे या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग आला १९३४ साली, तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या. टिळकांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन हे काव्यही त्यांनीच पुढे नेलं. स्मृतिचित्रेत वडिलांच्या सोवळ्याचा काच आहे, टिळकांचा तऱ्हेवाईकपणा आहे, स्वतःची फजिती तर पानोपानी आहे. धर्मांतरासारखी घर फोडणारी गोष्ट त्यात आहे आणि तरी कोणत्याही धर्माचा मराठी माणूस ते पुस्तक हातातून ठेवत नाही. आमच्या मासिकाच्या त्या पेन्सिलवाल्यानं लक्ष्मीबाईंना काय काय गाळायला सांगितलं असतं, याचा मी कधी कधी विचार करते.

शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक उदाहरण मात्र मला फार आवडतं, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा छत्तिसावा अध्याय. यिर्मया सांगतो आणि त्याचा लेखनिक बारूख शाईनं गुंडाळीवर उतरवून घेतो. ती गुंडाळी फिरत फिरत राजापर्यंत जाते. राजा यहोयाकीम हिवाळी महालात शेगडीपुढं बसलेला. (हिवाळ्यात सरकार कुठं बसतं हे नागपूरकराला समजावून सांगावं लागत नाही.) वाचणाऱ्यानं तीन-चार रकाने वाचले की राजा चाकूनं तेवढा तुकडा कापतो आणि शेगडीत टाकतो. असं करत सगळी गुंडाळी जाळतो. मग देव यिर्मयाला सांगतो, दुसरी गुंडाळी घे. बारूख पुन्हा सगळं लिहून काढतो, आणि त्यात आणखी पुष्कळ मजकुराची भर पडते. अध्याय तिथं संपतो. यावर मी पुष्कळ उपदेश ऐकले, सगळे राजाच्या उर्मटपणावर. मला त्यात बारूख दिसतो, बोटांना शाई लागलेला, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करणारा. आणि एक सांगू? त्या राजानं निदान सगळं ऐकून घेतलं. तीन-तीन रकाने नीट ऐकून मग कापले. माझ्या सत्तावीस 'उत्तर नाही'वाल्यांपेक्षा तो बरा.

तर मागच्या पावसाळ्यापासून आम्ही सहा-सात जण दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत बसतो. पाळकसाहेबांनी किल्ली दिली, पंख्याचं बिल तुम्ही भरा म्हणाले. प्रत्येकानं काही तरी आणायचं, वाचायचं, दुसऱ्यांनी 'म्हणजे?' विचारायचं. 'छान आहे' म्हणायला बंदी. आणि एक नियम पोरांनीच काढला : ज्याचं साभार परत येईल त्याला बाकीच्यांनी तर्री पोहे खिलवायचे. छापून आलं तर त्यानं सगळ्यांना खिलवायचे. पहिले चार महिने सगळे पोहे मीच खाल्ले, कारण पाठवत फक्त मीच होते. मग त्यांना ते महाग पडायला लागलं.

तो स्टेटसवाला पोरगा. त्याची कविता त्याच्या वडिलांवर आहे. वडील रात्री ऑटो चालवतात आणि नाताळच्या आदल्या रात्री, सगळे चर्चमध्ये असताना, स्टेशनबाहेर सवारीची वाट पाहत मोबाइलवर उपासना ऐकतात. बॅटरी संपते. एवढीच कविता. मी वाचली तेव्हा गप्प बसले, 'म्हणजे?' कुठं विचारावं कळेना. महिनाभर त्याच्या मागे लागून ती पाठवायला लावली. पाठवताना त्याचा अंगठा बटणावर किती वेळ अधांतरी होता, ते मी पाहिलं आहे.

सात आठवडे गेले. एका रात्री पावणेबाराला माझा फोन वाजला. इतक्या रात्री म्हणजे कोणाचं काही बरंवाईट, असं वाटून मी उठून बसले.

"काकू, परत आलं."

"काय लिहिलं आहे?"

"लिहिलं आहे, कविता आवडली, पण या अंकात जागा नाही. म्हणजे काऊन? आवडली तं मंग छापत काऊन नाही?"

"अरे, आवडली म्हणतात ना. माझ्या वहीत तेवीस साभार परत आहेत, 'आवडली' एकाच्याही सोबत आलेलं नाही."

"खरं?"

"वही दाखवते उद्या. झोप आता."

शनिवारी सदर भागातल्या ठेल्यावर गेलो. त्यानं पत्राची प्रिंट काढून आणली होती, घडी करून वरच्या खिशात. सगळ्यांनी हातोहात वाचली. एकीनं त्याच्या पोह्यांवर जास्तीची तर्री घालायला लावली, इतकी की पोहे बुडले. मी विचारलं, आता पुढं कुठं पाठवायचं ठरवलं आहेस? आपण बसू, यादी काढू, पहिल्या ओळीत 'रात्री' ऱ्हस्व-दीर्घाच्या गोंधळात पडली आहे ती आधी सुधारू...

तो पोहे खाता खाता थांबला.

"काकू, मी तं त्याच रात्री पाठवून दिली ना दुसरीकडे. तुमचा फोन ठेवला अन् लगेच."

"सुधारून?"

"नाही. तशीच."